चार दिवसांचे पाणी

मंगळवार, ता. ९ मार्च १९४३, सायंकाळी साडेसात. अजून कचेरीतच. लढाईमुळे मुंबईहून नगरला आणलेल्या भरती-ओहोटीच्या जुन्या वह्यांची नक्कल करतो आहे.

मागे एका पानावर चार दिवस कोरे होते. ‘मोजपट्टी वाहून गेली’ एवढाच शेरा. पान ओंगळ दिसे, म्हणून मागचेपुढचे आकडे पाहून मीच ते भरले. आज कळले, याच नकलेवरून पन्नास वर्षांत समुद्र किती चढला ते काढणार. बोटभर फरकाचा प्रश्न!

थोरले कारकून कासमचाचा यांना सांगितले. म्हणाले, “समुद्र पाह्यला न्हाईस अन् भरती आनतोस व्हय रे? सकाळी साहेबाला सांग.”

साहेब काढून टाकतील? परत गावी, नेवाशाला?

त्या चार दिवसांचे आकडे तांबड्या शाईने खोडले, ‘नोंद नाही’ लिहिले. पान आता फारच ओंगळ दिसते. तसेच नेईन.