कांद्याचे डोळे

बाई,

नुकतंच माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस वाचायचं नाही, लिहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि मी चौथ्याच दिवशी उजव्या डोळ्याच्या भरवशावर तुम्हाला लिहायला बसले आहे. सून दोनदा ओरडून गेली. तिला म्हटलं, एक जुनं काम राहिलंय, तेवढं उरकते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या घरात आता तिसरं बिऱ्हाड राहतंय. पण डोळ्याला पट्टी लागली आणि मला पहिल्यांदा तुमचेच डोळे आठवले. लाल, सुजलेले, आणि तरी माझ्यावर रोखलेले.

लग्न होऊन वणीकडच्या खेड्यातून मी नाशिकला तुमच्या वसाहतीत आले, तेव्हा तुमचं बायकांचं वाचन मंडळ चांगलं रुळलेलं होतं. आठवडाभर नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचं आणि रविवारी वंदना झाली की विहारातच आम्हाला धरून बसवायचं, हा तुमचा शिरस्ता. अकरा बायका, अकरा पुस्तकं. दर रविवारी आपलं पुस्तक उजवीकडच्या बाईला द्यायचं, पण देण्याआधी त्यात काय वाचलं ते उभं राहून सांगायचं. सांगितल्याशिवाय पुढचं पुस्तक नाही. मी फार रंगवून सांगायचे. एकदा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, वाचावं तर हिच्यासारखं. मी मान खाली घातली. बायकांना वाटलं, नवी नवरी लाजते. खरं म्हणजे मी चौथीतच शाळा सोडली होती आणि मला धड वाचताच येत नव्हतं. अक्षरं ओळखीची होती, पण ओळ लांबली की दम संपायचा. पुस्तकं वाचायचे आमचे हे. ओझरच्या कारखान्यात कामाला होते, बसमध्ये जाता-येता वाचायचे आणि घरी आल्यावर चहा पिताना मला गोष्ट सांगायचे. नवऱ्याचं वाचन मी माझ्या नावावर खपवत होते.

मग ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास ती डोळ्यांची साथ आली. घराघरात डोळे यायला लागले. सकाळी पापण्या चिकटलेल्या, बोरिक पावडरच्या कोमट पाण्याने धुतल्याशिवाय उघडायच्या नाहीत. नुसतं डोळ्यांत बघितलं तरी येतात म्हणे, म्हणून रस्त्यात माणसं एकमेकांकडे पाठ करून बोलायची. विहारातलं बसणं बंद झालं. पुस्तकं हातोहात फिरतात, त्यांच्याबरोबर साथही फिरेल, हे तुम्हीच पहिल्यांदा ओळखलंत. आम्हाला वाटलं, संपलं मंडळ. तुम्ही मात्र दारोदार फिरून लांबूनच सांगितलंत की मंडळ आता रविवारी नाही, रोज दुपारी तीनला भरेल. ज्या-त्या बाईने आपापल्या पायरीवर बसायचं. एकीने गल्लीच्या मधोमध नळाच्या कट्ट्यावर बसून मोठ्याने वाचायचं. पुस्तक एकच, हात लावणारी एकच. तिचे डोळे आले की पुस्तक तीन वाजेपर्यंत पत्र्यावर उन्हात ठेवायचं आणि दुसरीने घ्यायचं. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः बसलात. हरवलेल्या मुलाला शोधत गावोगाव फिरणाऱ्या आईची कादंबरी होती. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर डोळ्यांवर ओले रुमाल ठेवून बायका बसल्या आहेत आणि नळावर तुमचा खणखणीत आवाज चालू आहे, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं.

चार दिवसांत तुमचे डोळे आले. मग आठवडाभरात एकेकी, दोघी-दोघी करत पुढच्या वाचणाऱ्याही बसल्या. दहाव्या बाईचे डोळे आले त्या दिवशी कादंबरीतली ती आई मुलाच्या गावाच्या वेशीपर्यंत पोचली होती, आणि आख्ख्या गल्लीत चांगले डोळे राहिले माझे. आमच्या ह्यांचेही आले होते, म्हणजे घरचा आधारही तुटला. आता हसू येतं, पण तेव्हा मी साथ लागावी म्हणून काय काय केलं असेल! शेजारच्या मावशींच्या पंच्याने तोंड पुसलं, ह्यांच्या उशीवर डोकं ठेवलं, जिचे डोळे जास्त लाल तिच्याशी टक लावून बोलले. सगळं जग साथीला घाबरून पळत होतं आणि मी तिच्या मागे लागले होते. ती काही मला शिवायला तयार नव्हती. शेवटी पावणेतीनला कांदा चिरला आणि डोळ्यांना चोळला. रुमाल बांधून आडवी झाले आणि ह्यांना म्हटलं, बाईंना सांगा, हिचेही आले.

तुम्ही भिंतीला हात लावत लावत आलात. दारातच थांबलात, आत आला नाहीत. घरात कांद्याचा वास भरला होता, तो लपवायचं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"साथीच्या डोळ्यांना असा वास येत नाही," तुम्ही म्हणालात. "ऊठ. काय झालंय ते सांग."

मी रडतच सगळं सांगितलं. चौथी, ओझरची बस, चहा. मला वाटलं, आता तुम्ही मला मंडळातून काढणार. तुम्ही रागावलात, पण भलत्याच गोष्टीवर. दोन वर्षं माझ्यासमोर बसलीस आणि शिकवता का, असं एकदाही विचारलं नाहीस, म्हणालात. तुमच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते साथीचं.

"हे बघ, बाहेर दहा जणी बसल्यात आणि एकीलाही दिसत नाही," तुम्ही सावकाश म्हणालात. "तू बोट ठेवून वाच, अडखळ, मागे जा, पुन्हा वाच. कोण बघतंय तुला? अशी शाळा पुन्हा मिळायची नाही. चल, तीन वाजले."

मी कट्ट्यावर बसले. पहिलं पान वाचायला किती वेळ लागला ते विचारू नका. शब्द फोडून फोडून वाचत होते, एका ओळीवर तीनदा मागे गेले. मग थांबलेच. गल्लीत कोणी हसलं नाही. समोरच्या पायरीवरून, डोळ्यांवरचा रुमाल न काढता, मावशी म्हणाल्या, "थांबू नको गं. ती माय वेशीत उभी हाय, तिला आत तर जाऊ दे." मग मी तिला आत नेलं. त्या दिवशी तीन पानं झाली, दुसऱ्या दिवशी चार. नऊ दिवस मी एकटी वाचत होते. मंडळ एक दिवसही बंद पडलं नाही, आणि शेवटचं पान मी बोट न ठेवता वाचलं.

साथ ओसरल्यावर पहिल्या रविवारी आपण पुन्हा विहारात बसलो. सगळ्यांचे डोळे स्वच्छ, सगळ्यांचे माझ्यावर. तुम्ही मला नवं पुस्तक दिलंत आणि वाच म्हणालात. माझ्या तोंडून अक्षर फुटेना. तेव्हा तुम्ही बरे झालेले आपले डोळे मिटून घेतलेत. तुमचं बघून मावशींनी मिटले, मग बाकीच्यांनी. त्या दिवशी मी जे वाचायला लागले ते कालपरवापर्यंत थांबले नाही.

तुमच्यामागे मंडळ मीच चालवते. पाऊस असो, लग्नसराई असो, आम्ही दोघीच उरलेल्या असोत, रविवार चुकलेला नाही. उद्याही मी पट्टी बांधून जाणार आहे, सूनबाई वाचेल. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, उशीखाली राहील. एवढं मात्र तुम्हाला सांगायचं होतं. पुस्तक उघडण्याआधी मी सगळ्यांना डोळे मिटायला लावते. त्याने मन लागतं, ही बाईंची पद्धत, असं सांगते आणि त्या विश्वास ठेवतात. बाई, इतकी पुस्तकं वाचली, पण समोर कोणी बघत असलं की मला अजूनही पहिली ओळ वाचता येत नाही.