सातवीच्या वर्गाचा झरोका

मोरिवली, अंबरनाथ
१० ऑक्टोबर २००७

तीर्थरूप शिवराममामा यांस,
नरेंद्रचा सविनय जयभीम.

आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे, तेल चोळता की बाटली नुसतीच खिडकीत ऊन खात बसली आहे, ते कळवावे. फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितो आहे. आधीचे दोन कागद फाडले, कारण त्यांत माझी भाषा मास्तराची राहिली नव्हती.

ताजी बातमी अशी की आमच्या शाळेतल्या सहावीच्या वर्गाचा वारा काल सकाळी बंद झाला. हरिचंद्र गवंडी हातावरचे सिमेंट न धुता घरी आला आणि त्याने स्वतः सांगितले, “सर, झालं बघा, सहावीचं पण बुजवलं.” आवाजात दुःख होते, पण काम पक्के केले होते. आता वारा येणारा एकच वर्ग उरला, सातवीचा. तो येत्या रविवारी जायचा आहे, आणि मला तो काहीही करून वाचवायचा आहे.

तुम्ही इमारत उद्घाटनाला पाहिलीत, पण तेव्हा तुमचे लक्ष जेवणाकडे होते, म्हणून पुन्हा सांगतो. नकाशा अभिजीतचा. (तोच, जो आमच्या शाळेत असताना कर्कटकाने बाकावर घरे कोरायचा आणि माझी बोलणी खायचा.) आता तो आर्किटेक्ट आहे. त्याने फी घेतली नाही, उलट दोन उन्हाळे इथे येऊन वारा कुठून कुठे जातो ते बघत उन्हात उभा राहिला. त्याचे म्हणणे, इमारतीने स्वतःच मुलांना शिकवावे. म्हणून एका भिंतीला गिलावा केला नाही, विटा कशा रचतात ते दिसावे यासाठी. पावसाच्या पाण्याच्या टाकीला काचेची उभी पट्टी, पाणी किती उरले ते कळावे यासाठी. आणि प्रत्येक वर्गाला एक झरोका जमिनीलगत, दुसरा समोरच्या भिंतीत छताखाली. गार हवा खालून आत येते, तापलेली वरून निघून जाते, पंखा लागत नाही. मी विज्ञान शिकवतो, म्हणून दोन्ही झरोक्यांना दोरे बांधले. खालचा दोरा वर्गात झुकतो, वरचा बाहेर ओढला जातो. पुस्तकात हा धडा दीड पानाचा आहे आणि कोणालाही कळत नाही. दोऱ्याकडे बघून मागच्या बाकावरच्यांनाही कळला.

शाळा जूनमध्ये भरली. जुलैत विटांच्या भिंतीला गिलावा झाला, कारण काम अर्धवट वाटते असे समितीचे मत पडले. ऑगस्टमध्ये टाकीच्या काचेला निळा रंग फासून तिच्यावर सुविचार लिहिला : ‘पाण्याचा थेंब थेंब जपा.’ थेंब किती आहेत ते बघायला आता शिपाई शिडी लावून टाकीवर चढतो. (परवा शिडी घसरली. शिपाई वाचला, सुविचाराचा ‘जपा’ खरवडला गेला.)

मग पंखे आले. आपल्याकडे शाळेला काही द्यायचे म्हणजे पंखा द्यायचा आणि त्यावर आई-वडिलांचे नाव घालायचे, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या शाळेत बाकांना नावे होती, घड्याळाला नाव होते, घंटेच्या टोल्यालाही एक नाव होते. नव्या इमारतीला पंखे नकोत म्हटल्यावर देणगीदार भांबावले. मी सभेत सांगितले की वारा आपोआप येतो. त्यावर आमचे अध्यक्ष नाथाभाऊ म्हणाले, “सर, वारा फुकटचा हाय. फुकटच्या वस्तूला देनगीदार कुठनं आनू? पावती कोनाच्या नावानं फाडू?” तेव्हापासून मी रागावलेला आहे. (नाथाभाऊंवर ओरडताही येत नाही. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली आहे.)

पंखे आणायला उल्हासनगरला मलाच पाठवले. दुकानदार सज्जन निघाला. म्हणाला, “मास्तरजी, नाम पातीवर टाकलं तर फिरताना दिखणार नाही, पहलेच बोलतो.” मी हे सभेत सांगितले, पंखे रद्द होतील या वेड्या आशेने. झाले उलटेच. पंख्यावरचे नाव दिसत नाही म्हणून प्रत्येक देणगीदाराला एक संगमरवरी फलकही द्यायचे ठरले. फलकाला भिंत फोडायला नको म्हणून जागा शोधली, तर वरच्या झरोक्याचे माप फलकाचे माप घेऊनच केल्यासारखे बसले. नाथाभाऊ खूश होऊन म्हणाले, “अभिजीतनं इचार केलेला दिसतो.”

आता परिस्थिती अशी. वर फलक, त्यामुळे तापलेली हवा आतच. म्हणून पंखे हवेत. ऑक्टोबरचे ऊन आहे आणि ऐन शाळेच्या वेळात भारनियमन आहे, त्यामुळे पंखे बंद. बंद पंख्यावरची नावे स्वच्छ दिसतात. मुले घामाने निथळत ती वाचतात. पाचवीचे वाचन सुधारले आहे, हे नाकारून चालणार नाही. दोरे मात्र मेल्यासारखे लोंबतात. त्यांच्याकडे बघून काय शिकवू?

अभिजीतला अजून कळवलेले नाही. मामींची उणीव अशा वेळी फार भासते. त्यांनी नाथाभाऊंना दोन वाक्यांत गप्प केले असते.

आपला भाचा,
नरेंद्र

ता. क. सातवीच्या झरोक्यात बसायचा फलक तुमचा आहे, मामा. ‘कालकथित भागीरथी शिवराम, बदलापूर यांच्या स्मरणार्थ.’ रविवारचा, म्हणजे चौदा ऑक्टोबरच्या धम्मदीक्षा दिनाचा, मुहूर्तही तुम्हीच नाथाभाऊंना सुचवलात. मामी बदलापूरच्या फ्लॅटचे दार वीट लावून सताड उघडे ठेवायच्या. सोसायटीने हरकत घेतली तेव्हा त्यांनी विचारले होते, “वारा काय परका हाय, त्याला बेल वाजवाया लावू?” त्यांच्या नावाने वारा कोंडायचा, हे मला लिहितानाही जड जाते आहे. नाथाभाऊ म्हणतात, “देनगीदारानं लिहून दिलं त फलक खाली लावू, आपलं काय जातंय?” तेव्हा एवढेच लिहून द्या : फलक झरोक्याच्या खाली लावावा आणि त्यावर कोरावे, ‘हा झरोका भागीरथीबाईंच्या स्मरणार्थ उघडा आहे.’ वाऱ्याला देणगीदार मिळेल आणि पुढच्यांना रीत पडेल.

आणखी एक. तुमच्या देणगीतून आणलेला पंखा शाळेत लावलेला नाही. तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. तुमच्या सूनबाईने, म्हणजे आमच्या हिने, लावून घेतला. वारा चांगला आहे, हे मी बाहेर कुठे बोलत नाही. आत्ता वीज गेली आहे आणि थांबलेल्या पातीवरचे मामींचे नाव वाचता येते आहे. तुमची नात मैत्रेयी हे पत्र घेऊन येते आहे, तुमची चिठ्ठी घेतल्याशिवाय ती उठणार नाही. रविवारी सकाळी हरिचंद्र सिमेंट कालवून उभा राहीलच. फलक झरोक्यात की झरोक्याखाली, एवढेच त्याला सांगायचे राहिले आहे.