विंगेतल्या आवाजाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, धंदा दुसरीच्या तोंडून गाणे, उद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. दडपण असलेच तर ते निर्मात्यांचे असते, आणि त्यांना अजून पत्ता नाही.

१. दोन खोल्यांचे घर थोरल्या बहिणीला. मोरीतला नळ घट्ट पिळू नये, जास्त गळतो.

२. विंगेतले माझे स्टूल निर्मात्यांना. त्याचा एक पाय आखूड आहे. त्यावर बसून त्यांनी एक अंक तरी वरच्या पट्टीत गाऊन काढावा.

३. माझा आवाज. आमच्या संगीत नाटकाची नायिका देखणी आहे. तिची गाणी मी विंगेतून गाते. वरच्या सुराला ओठ जुळत नाहीत, म्हणून तो आला की ती प्रेक्षकांकडे पाठ फिरवते. समीक्षकांनी याला विरहाचा संयत अभिनय म्हटले आहे. माझ्या भाचीने त्याच भूमिकेसाठी चाचणी दिली, तेव्हा निर्माते म्हणाले, "ताई, गळा काय आहे हो पोरीचा! पण तिकीट चेहऱ्यावर खपतं."

"मग लोक डोळ्यांनी ऐकतात का?"

"चिडताय कशाला? तिलाही विंगेत बसवू की."

माझे आजारपण कळताच त्यांनी "असू द्या जवळ" म्हणत सगळी गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. मी गेले तरी प्रयोग चालू राहावेत, ही सोय. मात्र गुपित फुटेल म्हणून माझ्याशी करार कधीच केला नाही. वकीलबाई म्हणाल्या, करार नाही, तर आवाज तुमचाच. तो भाचीला देत आहे. तिने ती गाणी वाजवू देऊ नयेत. म्हणजे गाणारी नायिका शोधावीच लागेल.

हे न्यायाने लिहिते की सुडाने, असे स्वतःला विचारले. थोडे सुडानेच. शिवाय भाची माझी, म्हणजे वशिला आलाच. म्हणून विनंती: नव्या चाचणीत परीक्षकांनी रंगमंचाकडे पाठ करून बसावे. भाची मागे पडली, तर तिने मुकाट्याने घरी यावे.

दुसरा साक्षीदार मिळेना. विंगेत शेजारीच बसलेली नायिका म्हणाली, "ताई, मी करते सही."

"अगं, वाचलंस का? तुझी भूमिका जाईल."

"जाऊ दे हो. रोज त्या सुराला पाठ फिरवायचा कंटाळा आलाय मला."

स्थळ: नाट्यगृह, डावी विंग
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस

सही: जाहिरातीत नाव नसलेली

साक्षीदार:
१. पडदा ओढणारे काका
२. नाटकाची नायिका (सही तिने स्वतः केली आहे)