घरातल्या थोरल्याचं गाऱ्हाणं

मालवण,
१४ जुलै २०२५

ती. अक्का हिला,
जयरामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की शेजारी काय झालं म्हणून धावत येतात. तेव्हा आपलं कागद-पेनच बरं. इथे आम्ही दोघं खुशाल आहोत. किशोरीने तुझ्यासाठी आमसुलं बाजूला काढून ठेवली आहेत. कोणी कुडाळकडे जाणारं भेटलं की पाठवते.

परवा डोळे दाखवायला कुडाळला गेलो होतो, आमसुलं मात्र घरीच विसरलो. एसटी भरलेली होती. चौके गावाच्या पुढे एक कॉलेजातली मुलगी टुणकन उठली आणि म्हणाली, आजोबा, बसा. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी आजोबा नव्हते. मग तिला सांगितलं की मला पुढच्याच स्टॉपला उतरायचंय. झालं, आता बसायची सोय उरली नाही. कुडाळपर्यंत तिची नजर चुकवत दांडा धरून उभा होतो. ती रिकामी जागा शेवटी एका फणसाच्या पोत्याला मिळाली. अख्खी नोकरी मी शाळेत पी.टी. शिकवली, माझ्या एका शिट्टीवर पोरं काठीसारखी ताठ उभी राहायची, आणि माझ्यावर ही वेळ! बरं, जाताना मिशीला कलपही लावला होता. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकायला लागलाय. त्यांनाही मी आवडलो नाही.

चतुर्थीचं लिहायचं म्हणजे, यंदा आम्ही आपल्या धामापूरच्या घरी दुसऱ्या दिवशी पोचू. पहिल्या दिवशी आमच्या सायकलवाल्या मंडळींचं कुणकेश्वरला जायचं ठरतंय. सुगंधा वहिनींना तू तुझ्या पद्धतीने सांग.

प्रकृती सांभाळ. लोभ आहे तेवढा ठेव, टोमणे थोडे कमी कर.
तुझा धाकटा भाऊ,
जयराम

---

पिंगुळी,
२२ जुलै २०२५

चि. जयराम यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. फणसाच्या पोत्याचं वाचून इतकी हसले की सून धावत आली. तिला वाटलं मला ठसका लागला.

आता सायकलीचं. अरे, चतुर्थीच्या दिवशी गणपती सोडून सायकल हाणणारा माणूस अजून सिंधुदुर्गात जन्माला यायचाय. खोटं बोलायचंच तर जरा बरं तरी बोलावं. शाळेत असतानाही तुझं असंच. पोट दुखतंय म्हणायचास आणि हात गुडघ्यावर ठेवायचास.

तू का टाळतोयस ते मला ठाऊक आहे. दादा गेला त्याला दीड वर्ष झालं. त्या घरात गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं ते थोरल्याने. आबांच्या मागे दादाने घातलं, दादाच्या मागे तू. गेल्या वर्षी तू ऐन वेळी घसा बसला म्हणून सांगितलंस आणि शेजारच्या बाबलीने वेळ मारून नेली. यंदा बाबलीने वहिनीला स्वच्छ सांगितलंय, 'घरात मोठो माणूस आसताना मी परको उभो रवाचंय नाय.' दादाचा जितेंद्र पुण्याहून येईल, पण तोही म्हणतो की काका असताना मी पुढे होणार नाही. वहिनी बिचारी काय करणार? ती म्हणते, यंदापासून नुसती आरती करू, गाऱ्हाणं राहू दे. हे सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय. दादाचा आवाज गेला, आता त्याची जागासुद्धा पुसली जाणार असं तिला वाटतंय. मला यावंसं वाटून उपयोग नाही, आमच्या घरचा गणपती सोडून मला माहेरी येता येत नाही, हे तुला माहीत आहे.

तेव्हा सायकल घराच्या मागे लाव आणि मला खरं काय ते लिही.

किशोरीला आशीर्वाद. आमसुलं लवकर पाठव, इथली संपली. माया आहेच, ती तू मागायला नको.
तुझी,
अक्का

---

मालवण,
१० ऑगस्ट २०२५

ती. अक्का हिला,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मधे नारळी पौर्णिमा झाली. बंदरावर बायकांची नारळ लढवायची स्पर्धा होती. किशोरी हौसेने उतरली आणि तिचा नारळ पहिल्याच ठोक्याला फुटला. ती खोबरं घेऊन हसत घरी आली आणि संध्याकाळी त्याच्या वड्या केल्या. मी असतो तर दोन दिवस तोंड दाखवलं नसतं.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. मला गाऱ्हाणं येत नाही असं नाही. लहानपणापासून ऐकतोय. दादा नारळ हातात घेऊन उभा राहायचा, 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करायचा, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याचं दुखलंखुपलं देवाला सांगायचा, आणि प्रत्येक वाक्याला आपण मागून 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडायचो. मी नेहमी दादाच्या मागे उभा असायचो. त्याची पाठ दिसायची, पुढचं काही दिसायचं नाही. मला ती जागा आवडायची, अक्का. आता पुढे उभं राहायचं म्हणजे माझ्यापुढे कोणी नाही. आबा गेले, दादा गेला, पुढचा नंबर कोणाचा हे सगळ्या घरासमोर नारळ हातात घेऊन कबूल करायचं. मला भीती वाटते. हे मी किशोरीलाही सांगितलेलं नाही.

आणि दुसरं. मी तसा म्हातारा झालेलोच नाही. सकाळी किल्ल्यासमोर फिरून येतो, सूर्यनमस्कार घालतो. बारा व्हायचे ते हल्ली सहा होतात, हे मात्र खरं. पण गाऱ्हाणं घातलं की मी कायमचा 'थोरलो' झालो. मग एसटीत उठून जागा देणाऱ्या पोरींना माझ्याकडे उत्तर नाही.

तरी वहिनींचं ऐकून जिवाला लागलं. तू एक कर. दादाचं गाऱ्हाणं तुला तोंडपाठ असेल. ते मला कागदावर लिहून पाठव. बघून म्हणता आलं तर बघतो.

लोभ कमी झाला नसेल अशा आशेवर,
जयराम

---

पिंगुळी,
१६ ऑगस्ट २०२५

चि. जयराम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लिहून मुळीच पाठवणार नाही. कागदावर लिहिलेलं गाऱ्हाणं म्हणजे तहसील ऑफिसातला अर्ज. देव तो खालच्या कारकुनाकडे पाठवेल.

तुझ्या भीतीला मी हसणार नाही. मलाही भीती वाटायची, वेगळ्या गोष्टीची. माझं ऐकणं कमी झालं तेव्हा दोन-तीन वर्षं मी कोणाला कळू दिलं नाही. कोणी काही बोललं की मान डोलवायची, हसायचं आणि 'बरा झाला' म्हणायचं. सगळं खपून जायचं. मग एक दिवस पलीकडची शेवंती अंगणात येऊन काहीतरी सांगायला लागली. मी नेहमीप्रमाणे हसून म्हटलं, 'बरा झाला गो!' ती माझ्याकडे बघतच राहिली. तिची दुभती म्हैस मेली होती. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेवटी मी तिच्या घरी गेले आणि म्हटलं, 'बाये, माका ऐकाक येना नाय. मोठ्यान सांग.' हे वाक्य तोंडातून काढायला मला किती जड गेलं! आणि काढल्यावर असं हलकं वाटलं की काय सांगू. शेवंतीने म्हशीची सगळी हकीकत पुन्हा सांगितली, ओरडून. दोघी रडलो.

आता सुनेने कानाचं यंत्र आणलंय. आरतीला आणि नातवंडांच्या गोष्टींना मी ते घालते. बाकी वेळ डबीत. दुपारी पडवीत बसून मी तांदूळ निवडते आणि माझ्या जगात काहीही आवाज नसतो. मला ते आवडतं. तरुणपणी एवढी शांतता मला कोणी दिली नव्हती. म्हातारपण सगळं वाईट नसतं रे, तू जरा आत येऊन तर बघ.

आणखी एक. आबांच्या मागे दादा पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, मी त्याच्या बाजूलाच होते. त्याच्या हातातला नारळ लटलट कापत होता. तू मागे होतास, तुला पाठच दिसली.

चतुर्थीला धामापूरला जा. मोतीबिंदूचं ऑपरेशन गणपतीनंतर लगेच करून घे, टाळू नकोस. आमसुलं मिळाली, त्यांच्याबरोबर किशोरीच्या वड्या पाठवल्या असत्यास तर बिघडलं नसतं. आशीर्वाद आहेतच, राग थोडा राखून ठेवलाय.
तुझी,
अक्का

---

मालवण,
४ सप्टेंबर २०२५

ती. अक्का हिला,
शि. सा. न. वि. वि.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे, सावकाश वाच.

चतुर्थीच्या आदल्या दिवशीच धामापूरला गेलो. गणपतीवर फळं-पानं टांगायची माटवी बांधायची होती. नेहमीप्रमाणे मी स्टुलावर चढलो, पण सुंभाची गाठ मला दिसेना. आंबाड्यांचा घोस म्हणून मी वहिनींची चाव्यांची जुडी मागत होतो. जितेंद्र नुसता स्टूल धरून उभा राहिला. थोड्या वेळाने मीच खाली उतरलो आणि म्हटलं, तू चढ, मी खालून सांगतो. खालून सांगायला मला फार छान जमलं, हे कबूल केलं पाहिजे.

चतुर्थीला आरती झाली. वहिनींनी माझ्याकडे न बघता नारळ पुढे केला. मी घेतला आणि पुढे जाऊन उभा राहिलो. 'बा देवा गणपती म्हाराजा, सालाबादप्रमाणे तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली आसत' एवढं म्हटलं. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' केलं. आणि पुढचं सगळं गेलं, अक्का. एक अक्षर आठवेना. दादाचा आवाज आठवत होता, शब्द नाहीत. माझ्या हातातला नारळही कापायला लागला. घामाने कलप ओठांवर उतरला होता. बाबली शेजारीच उभा होता. मी त्याला हळूच सांगायला गेलो, 'बाबली, माका काय आठवना नाय रे, मी म्हातारो झालंय.'

पण नारळ हातात, तोंड देवाकडे, आणि सूर तोच लागलेला. मागच्यांना वाटलं हे गाऱ्हाण्यातलंच. अख्खं घर एका आवाजात ओरडलं, 'व्हय म्हाराजा!'

बाबलीसुद्धा. सवयीने.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग वहिनी हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. दादा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग जितेंद्र हसला, किशोरी हसली, आणि मी गणपतीसमोर काळे ओठ घेऊन हसत उभा. माझ्या मनातली एवढी मोठी गोष्ट सगळ्यांना आधीच मान्य होती, आणि त्यांना तिचं काहीच वाटत नव्हतं! मी उगाच एकटाच तिला लपवत होतो.

मग मला थांबावंसं वाटेना. मी देवाला सांगितलं, 'माझे गुडघे दुखतत, डोळ्यान दिसना नाय, मिशी काळी करतंय ती खोटी आसा.' व्हय म्हाराजा. 'तरी जितक्या दिलंस तितक्या बरा आसा, माझी काय तक्रार नाय.' व्हय म्हाराजा. हे मी ठरवून म्हटलं नाही, आपोआप आलं, आणि म्हणताना जाणवलं की हे खरं आहे. त्याच्यानंतर सगळं आठवत गेलं. जितेंद्राची नोकरी, वहिनींची कंबर, बाबलीच्या काजूच्या बागा, एकेक नाव घेतलं. दादा शेवटी 'दिल्याघेतल्या लेकीबाळी' एवढंच म्हणायचा. माझ्या तोंडून निघालं, 'पिंगुळीक दिलली आमची अक्का, तिका ऐकाक येना नाय, पण आमचा सगळा तीच आयकता, तिका सुखात ठेव म्हाराजा.' त्याला सगळ्यात मोठा 'व्हय' आला.

नारळ फोडला. नीट दोन भकलं झाली. वहिनींनी पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला, दादाच्या ठेवायच्या तसा.

परवा परत येताना एसटीत गर्दी होती. शाळेतली एक मुलगी उठली. मी बसलो आणि तिचं दप्तर मांडीवर घेतलं. केवढं जड असतं गं हल्ली! ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. कलपाची बाटली किशोरीने विचारून टाकून दिली, मी हो म्हटलं. ताज्या वड्या सोबत पाठवतोय, माणूस वाटेत खाणार नाही असा बघितलाय.

लोभ होता, आहे, असू दे.
तुझा थोरला झालेला धाकटा भाऊ,
जयराम

---

पिंगुळी,
१० सप्टेंबर २०२५

चि. जयराम यास,
पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

वड्या मिळाल्या, एकच फुटली होती. ऑपरेशननंतर डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नकोस आणि किशोरी सांगेल ते ऐक. पांढऱ्या मिशीचा फोटो काढून पाठव, आबांसारखा दिसतोस का बघायचंय.

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं. मग संध्याकाळी यंत्र कानात घातलं आणि सुनेला मोठ्याने वाचायला बसवलं. लग्न होऊन त्या घरातून निघाले तेव्हापासून तिथल्या गाऱ्हाण्यात माझं नाव कधी आलं नव्हतं. आपण दिलेल्या मुली, येणार तरी कसं, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. सून त्या ओळीशी आली तेव्हा मी तिला म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं. मी म्हटलं, अजून एकदा, मोठ्याने. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

मी तसंच वाटू दिलं.

तुझीच,
अक्का