चौथी फांदी

अप्पा, मळमड्डीतल्या मास्तरांच्या आंब्याचं आज सांगून टाकतो. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, आता तुम्ही ऐकणार नाही म्हणूनच जीभ सुटलीय, हेही खरं. भिंतीला तडे गेले म्हणून झाड काढायचं होतं. एका बाजूला कौलारू घर, दुसरीकडं शेजाऱ्यांचं न्हाणीघर, मधे टीचभर अंगण. तुम्ही करवतीला हात लावण्याआधी अर्धा दिवस नुसते झाडाभोवती फिरलात. कुठली फांदी आधी, ती कुठं झुलेल, कुठं टेकेल. मग राखेनं अंगणात रेघ ओढून घरच्यांना बजावलंत, "फांदी खाली टेकेपर्यंत रेघेच्या आत कुणी यायचं नाही." आणि मला दटावलंत, "दोरीला बुंध्याशी तीन वेढे. वजन तू धरत नाहीस, बुंधा धरतो." पंचवीस वर्षांचा, लग्न झालेला गडी मी. चारचौघांत असं बोललात म्हणून मला रागच आला होता.

तुम्ही वर फांदी बांधताय, दोरी बेचक्यातून खाली माझ्याकडं येतेय, तुम्ही कापलीत की मी ती हळूहळू सैल सोडतोय. पहिल्या दोन फांद्या तशाच उतरल्या. पण तीन वेढ्यांनी दोरी अडायची, मग एकदम सुटायची, हिसका बसायचा आणि कैऱ्या पटापट गळायच्या. मास्तरांच्या घरच्या अक्का हळहळल्या, "अहो, मार लागलेल्या कैरीचं लोणचं टिकत नाही हो. या झाडाचं हे शेवटचं लोणचं." मला काय अवदसा आठवली कोण जाणे! तुमची पाठ वळलेली बघून मी एक वेढा काढला. तिसरी फांदी अशी अलगद उतरली की अक्का म्हणाल्या, "शाब्बास रे!" तेवढ्यावर मी हुरळलो.

चौथी फांदी सगळ्यात जाड. तुम्ही वरून विचारलंत, "तीन आहेत ना?" मी म्हणालो, "आहेत." करवत चालू होती तोवर गळलेल्या कैऱ्या वेचायला अक्का टोपली घेऊन रेघेच्या आत आल्या. आपलंच अंगण, त्यात कसली रेघ! मी त्यांना बघितलं तेव्हा कडकन आवाज झाला होता. "अक्का, हिंद सर्री! मागं व्हा!" तुम्ही ओरडलात, आणि दोरी माझ्या तळहातांची सालटी काढत निघून गेली. फांदी कौलं फोडून अंगणात आदळली. धुरळा बसला तर अक्का जमिनीवर बसलेल्या, टोपली फांदीखाली चपटी झालेली. त्यांच्या पायापासून वीतभर, अप्पा, फक्त वीतभर! त्या रडल्याही नाहीत. मास्तर नुसतं "काय झालं, काय झालं" म्हणत राहिले.

तुम्ही उतरलात. बुंध्याला एकही वेढा उरला नव्हता, दोरी सगळीच फांदीमागं गेली होती. तुम्ही ती हातात घेतलीत, चाचपलीत, एका जागी पीळ झिजून गुळगुळीत झालेला दिसला. मग मास्तरांपुढं हात जोडलेत. "दोरी जुनी झाली होती. मीच नीट बघितली नाही. चूक माझी." मी तिथंच उभा होतो. मग खाली वाकून फुटलेली कौलं गोळा करायला लागलो.

त्यानंतर तुम्ही झाडावर चढलाच नाहीत. अळणावर गावातल्या लाकडाच्या वखारीत राखणीला बसायचात. कामाला बोलवायला कुणी आलं की म्हणायचात, "माझी नजर गेली, धाकल्याला न्या," म्हणजे मला. नजर चांगली शाबूत होती तुमची! वखारीच्या फाटकातून लांबची बस ओळखायचात. मरेपर्यंत तीन वर्षं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाहीत, आणि मी रोज तुमचा डबा घेऊन यायचो, समोर बसायचो, परत जायचो. तुम्ही जेवताना कितीदा तोंडाशी आलं होतं.

हे वहीतच राहणार, पाठवणार कुठं? आता माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. नवा गडी आला की मी त्याला बुंध्याशी उभा करतो, वेढे घालायला लावतो आणि मळमड्डीची, त्या जुन्या दोरीची गोष्ट सांगतो, म्हणजे धाक बसतो. परवाही सांगितली. ऐकून तो गडी म्हणाला, "म्हणजे तुमच्या अप्पांचीच चूक की." मी हो म्हणालो.