माझ्या शोकमंडपात वहीदनेच पठण करावे

परम दयाळू अल्लाहचे नाव घेऊन मी, शेख अब्दुल-मुईन अल-बाजूरी, वय एक्याऐंशी, राहणार दसूक, गुडघ्यांनी थकलेला परंतु बुद्धीने शाबूत, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो.

१. मालमत्तेचे दोन-तृतीयांश ईश्वरी आज्ञेने मुलगा मुतवल्ली व मुलगी वदाद यांचे. तेथे माझी लेखणी चालत नाही.

२. उरलेल्या तृतीयांशातून तळमजल्यावरील पाठाची खोली मी माझा शिष्य, गायक वहीद अल-सन्हूरी, यास देतो. बाराव्या वर्षी त्याने तेथेच पवित्र ग्रंथ मुखोद्गत केला. सतराव्या वर्षी कैरोस पळून तो प्रेमगीते गाऊ लागला, म्हणून मी त्याची पठणाची सनद अडवली. ती आज स्वहस्ते लिहून सोबत ठेवली आहे.

३. या गावाची एकही वरात वहीदच्या कॅसेटशिवाय निघाली नाही. त्याचे तीन घटस्फोट या गावकऱ्यांनी वर्तमानपत्रांतून चवीने वाचले. अमली पदार्थांच्या खटल्यात तो वर्षभर तुरुंगात गेला, तेव्हा कहवाखान्यांतील त्याच्या तसबिरी उतरवल्या. सुटून पुन्हा गाजला, तेव्हा पुन्हा टांगल्या. आता घशाच्या शस्त्रक्रियेने आवाज गेला, तर म्हणतात, "पापाची फळे!" साठ वर्षे भाष्ये वाचली, दुसऱ्याच्या दुखण्यावरून अल्लाहचा निवाडा सांगण्याचा अधिकार यांना कोणी दिला, ते मला कोठेही आढळले नाही.

४. माझ्या शोकमंडपात पठण वहीदनेच करावे. हे ऐकून मुतवल्ली उसळला, "बाबा, वरातीत नाचवणारा गळा तुमच्या मयतीला? लोक तोंडात शेण घालतील!"

मुलूखियाच्या भाजीची पाने खुडता खुडता वदाद म्हणाली, "आणि दादा, तुझ्या वरातीत कुणाची कॅसेट होती रे? तीनदा लावायला लावलीस!"

वहीदला फोन केला. तो म्हणाला, "सय्यिदना, गळ्यातून नुसती खरखर निघते हो. हसतील सगळे."

"हसू देत, गाढवा! उच्चार मी शिकवलेत, ते शाबूत आहेत ना?"

तो रडू लागला. मी फोन ठेवला.

५. बावीस वर्षांपूर्वी वहीद स्वतःच्या आईच्या शोकमंडपात पठणाला बसला होता. मी सर्वांदेखत म्हणालो, "ऊठ. या तोंडी हे वचन शोभत नाही." तो उठला आणि शोकाचे तिन्ही दिवस मंडपाबाहेर रस्त्यावर उभा राहिला. गावाने माझी वाहवा केली. त्या वाहवेचा मला आजही संताप येतो, आणि ती गोड लागली याचा त्याहून अधिक.

६. मशिदीच्या समितीने हरकत घेतल्यास मंडपच घालू नये. मला पठणाविना पुरावे. मंडप पडला तर, मुतवल्ली, तू त्याच्या दाराशी उभा राहून वहीदला हाताला धरून आत आण. तेव्हा अडवणारा मी होतो. या खेपेस मला उठता येणार नाही.

दसूक, शव्वाल १४१८ (१२ फेब्रुवारी १९९८)

सही: अब्दुल-मुईन अल-बाजूरी

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
अतिया खलाफ, मुअज्जिन
बय्यूमी जादल्लाह, शिंपी