पहिल्या ओळीत चूक

इंदूर, १२ मार्च २००२

चि. शार्दूल यास दिनानाथकाकाचे आशीर्वाद (रागातच दिले आहेत, पण लागू पडतील).

पुण्यात दादा-वहिनींच्या तब्येती बऱ्या असतील. तुझीही असणारच, दुसऱ्याचं रक्त आटवणाऱ्याला काय होणार? इथे तुझी काकू खुशाल आहे, मी नाही.

मिल बंद झाल्यापासून सहा वर्षं मला कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी केलं ते राजवाड्याजवळच्या एका कॉम्प्युटरवाल्या ऑफिसनं. मालक रजत, वय पंचवीस. म्हणाला, "काकाजी, शनिवारपर्यंत नावांची लिस्ट क्लीन करून दिली तर नोकरी पक्की, नहीं तो रहने दो." नावं नऊ हजार, त्यात एकेक तीनतीनदा. म्हणून तुला फोन केला आणि तू ते प्लगिन पाठवलंस, सोबत कागदावर एक प्रोग्रॅम लिहून दिलास. (लिहायच्या खिडकीतच प्रोग्रॅम लिहायचा, बटण दाबायचं, तो तिथल्या तिथे चालतो म्हणे!) तुझा प्रोग्रॅम मी अक्षर न अक्षर उतरवला. बटण दाबलं. मशीन म्हणतं, पहिल्या ओळीत चूक.

आता मी एकतीस वर्षं मिलची हजेरी लिहिली. पानाच्या माथ्यावर 'श्री' आणि त्याखाली पहिली ओळ. तुझा प्रोग्रॅमही तसाच उतरवला. श्री कुणी ओळीत मोजतं का? तुझं मशीन मोजतं! मला काय ठाऊक? मी खालची ओळ दुरुस्त करत बसलो. चार दिवस, शार्दूल! तुझी धडधाकट ओळ अकरा तऱ्हांनी मोडली आणि तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला (त्यात मीही येतो, हे नंतर लक्षात आलं). आणि काल फोनवर तू काय केलंस? हसलास! वर अक्कल शिकवलीस, की श्रीच्या आधी ते जाळीसारखं # चिन्ह टाका, म्हणजे मशीन ती ओळ वाचतच नाही. अरे गाढवा, जिकडे कुणी बघायचंच नाही अशा जागी देवाला बसवू? नको मला तुझं प्लगिन आणि नको ती नोकरी. यापुढे मला काही शिकवायला येऊ नकोस.

दादांना नमस्कार सांग.

दिनानाथकाका

ता. क. – तुझी ओळ पुन्हा होती तशी केली, श्रीच्या आधी चिन्ह टाकलं. पहिल्याच झटक्यात चाललं.

आणखी एक ता. क. – नोकरी पक्की झाली. पण रजतनं विचारलं, हे लिहिलं कुणी, आणि माझ्या तोंडून 'मी' निघून गेलं. सोमवारी ऑफिसातल्या सगळ्यांना एकेक ओळ समजावून सांगायची आहे. मला एकही कळत नाही. सगळ्याचा अर्थ मराठीत लिहून ताबडतोब कुरियर कर, नाहीतर तूच बसनं निघून ये. काकूला बोलू नकोस. आज तिथला एकजण मला 'सर' म्हणाला. सहा वर्षांत मला कुणी काहीच म्हणालं नव्हतं रे.